खुर्चीला धर्म नसतो : अधिकाऱ्याची श्रद्धा, त्याचे कर्तव्य आणि समलिंगी विवाह

३० डिसेंबर २०१७ रोजी यवतमाळ शहरातील एका हॉटेलात दोन पुरुषांचे लग्न लागले. एक मूळचा यवतमाळचा, नोकरीनिमित्त अमेरिकेत गेलेला. दुसरा त्याचा परदेशी जोडीदार. जवळची माणसे हजर होती. जानेवारीत बातमी फुटली आणि कापूस व शेतकरी आत्महत्या यांखेरीज ज्या जिल्ह्याची देशाला फारशी आठवण होत नाही, तो जिल्हा दोन दिवस 'समलिंगी विवाहाचा जिल्हा' म्हणून गाजला. त्या दिवशी भारतीय दंड संहितेचे कलम ३७७ जिवंत होते. सर्वोच्च न्यायालयाने ते अंशतः रद्दबातल केले ६ सप्टेंबर २०१८ रोजी, म्हणजे त्या लग्नानंतर आठ महिन्यांनी.

त्या लग्नावर लोकांनी बोलायचे ते बोलून घेतले. संस्कृती बुडाली, पाश्चात्त्यांची थेरं आली, वगैरे. पण एक प्रश्न कोणी विचारला नाही. हे दोघे हॉटेलात न जाता विवाह नोंदणी कार्यालयात गेले असते, तर तिथल्या अधिकाऱ्याने काय करायला हवे होते? आणि जे करायचे, ते कोणत्या आधारावर करायला हवे होते? कायद्याच्या, की स्वतःच्या श्रद्धेच्या?

हा प्रश्न त्या दोघांपुरता नाही. एमपीएससीची पुस्तके घेऊन अभ्यासिकेत बसलेल्या आपल्या प्रत्येक पोराचा आणि पोरीचा तो आहे. उद्या तुमच्यातला कोणी तहसीलदार होईल, कोणी ठाणेदार, कोणी दुय्यम निबंधक, कोणी सरकारी दवाखान्यात डॉक्टर. तुमच्या टेबलासमोर असे जोडपे उभे राहील. तेव्हा खुर्चीवर कोण बसलेले असेल? तुमच्या घरातले संस्कार, की बाबासाहेबांचे संविधान?

आधी कायदा काय आहे ते नीट समजून घेऊ

भावनेच्या भरात चुकीचे सांगणे ही चळवळीची सेवा नाही. म्हणून स्पष्ट लिहितो. आज भारतात समलिंगी जोडप्याच्या विवाहाची नोंद करता येत नाही. विशेष विवाह कायदा १९५४ चे कलम ४ वराचे वय २१ आणि वधूचे वय १८ असे सांगते. त्याची रचनाच स्त्री आणि पुरुष धरून झालेली आहे. सुप्रियो विरुद्ध भारत सरकार या खटल्यात १७ ऑक्टोबर २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने निकाल दिला. विवाह हा मूलभूत हक्क नाही आणि हा कायदा न्यायालय बदलून वाचू शकत नाही, यावर पाचही जण एकमत होते. अशा जोडप्यांच्या सहजीवनाला राज्याने काही कायदेशीर मान्यता द्यावी का, यावर ते फुटले. सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. कौल 'द्यावी' म्हणाले, न्या. भट, न्या. कोहली आणि न्या. नरसिंहा यांनी बहुमताने नकार दिला. ९ जानेवारी २०२५ रोजी फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या.

म्हणजे आज यवतमाळचा विवाह अधिकारी अशा जोडप्याला 'नोंदणी होणार नाही' म्हणाला, तर तो कायद्यानेच बोलतो आहे. त्याबद्दल त्याला दोष देता येत नाही. लढाई संसदेशी आहे, खिडकीतल्या बाबूशी नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. त्याच निकालात सर्व न्यायाधीशांनी मान्य केले की पारलिंगी व्यक्तीला भिन्नलिंगी विवाह करण्याचा अधिकार आजच्या कायद्यांतच आहे. त्याआधी तामिळनाडूत हेच घडून गेले होते. तुतिकोरिन येथे एका पुरुषाने आणि एका पारलिंगी स्त्रीने मंदिरात लग्न केले. निबंधकाने नोंदणी नाकारली. २२ एप्रिल २०१९ रोजी मद्रास उच्च न्यायालयाने सांगितले की हिंदू विवाह कायद्यातल्या 'वधू' या शब्दात पारलिंगी स्त्री येते, नोंद करा. आता विचार करा. पहिल्या प्रकरणात अधिकाऱ्याच्या 'नाही'मागे कायदा उभा आहे. दुसऱ्या प्रकरणातल्या 'नाही'मागे न्यायालयाला कायद्याचा आधार सापडला नाही. तोंडातून निघणारा शब्द एकच, पण एक कर्तव्य आहे आणि दुसरा अन्याय. हा फरक ज्याला कळत नाही त्याने त्या खुर्चीत बसू नये.

शिवाय लग्नाव्यतिरिक्त किती तरी गोष्टी आहेत. सुप्रियो खटल्यात सरकारने न्यायालयाला समितीचे आश्वासन दिले होते. त्यानुसार एप्रिल २०२४ मध्ये कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती झाली. २०२४ मध्येच केंद्राने कळवले की अशा जोडीदारांना रेशनकार्डासाठी एकाच कुटुंबातले मानावे, त्यांना बँकेत संयुक्त खाते उघडण्यास आणि जोडीदाराला नॉमिनी नेमण्यास कोणतीही आडकाठी नाही, जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर मृतदेह जोडीदाराच्या ताब्यात देता यावा, तुरुंगात भेटीला येताना भेदभाव होऊ नये. म्हणजे पुरवठा निरीक्षक, बँक मॅनेजर, शल्यचिकित्सक, जेलर, या सगळ्यांच्या टेबलावर आज कर्तव्य येऊन पडलेले आहे. 'माझ्या धर्मात हे बसत नाही' असे म्हणून यातला कोणी कागद बाजूला सारू शकतो का?

'माझी श्रद्धा' ही भाषा आपल्या ओळखीची आहे

साथींनो, अधिकाऱ्याच्या श्रद्धेची किंमत काय असते, हे आपल्याला दुसऱ्या कोणी शिकवायला नको.

साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमाला नळाला हात लावायची परवानगी नव्हती. शिपाई आला तर पाणी, शिपाई नाही तर पाणी नाही. बडोद्यात परदेशातून शिकून आलेल्या डॉ. आंबेडकरांच्या टेबलावर शिपाई लांबून फायली फेकत. त्या शिपायाला विचारले असते तर तो काय म्हणाला असता? 'साहेब, माझा द्वेष नाही हो. माझा धर्म आहे.' 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये बाबासाहेबांनी काठियावाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची हकिकत दिली आहे. त्याची बायको बाळंतपणानंतर आजारी पडली. डॉक्टर वस्तीत पाऊल टाकायला तयार नाही. मोठ्या विनवण्यांनंतर आला तो बाहेरच थांबला. थर्मामीटर त्याने एका मुसलमान माणसाच्या हातात दिले, त्याने नवऱ्याला दिले, नवऱ्याने बायकोला लावले आणि त्याच वाटेने ते परत आले. ती बाई वाचली नाही. डॉक्टरचा विटाळ मात्र वाचला.

ही आपल्याकडचीच रीत आहे असेही नाही. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात एका गोऱ्या पुरुषाने काळ्या स्त्रीशी लग्न केले म्हणून १९५९ मध्ये त्या दोघांना शिक्षा झाली. न्यायाधीश लिऑन बॅझील यांनी पुढे निकालपत्रात लिहिले की देवाने वेगवेगळ्या वंशांना वेगवेगळ्या खंडांवर ठेवले, त्या अर्थी त्यांची सरमिसळ व्हावी असे देवाच्या मनात नव्हते. आपल्याकडचे पुरुषसूक्त आणि तिकडचे हे निकालपत्र यांत फरक तो किती? १९६७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी उडवली. तरी २००९ मध्ये लुइझियाना राज्यात कीथ बार्डवेल नावाच्या विवाह लावणाऱ्या अधिकाऱ्याने काळ्या-गोऱ्या जोडप्याचे लग्न लावायला नकार दिला. आपण वंशद्वेषी नाही, होणाऱ्या मुलांची आपल्याला काळजी वाटते, हे त्याचे म्हणणे. शेवटी त्याला पद सोडावे लागले.

'होणाऱ्या मुलांची काळजी.' आंतरजातीय लग्न करणाऱ्या आपल्या किती पोरापोरींनी हे वाक्य ऐकले असेल! नोंदणीच्या कार्यालयात, पोलीस ठाण्यात, ग्रामपंचायतीत. विशेष विवाह कायद्यात तीस दिवसांची नोटीस लावावी लागते. ती नोटीस पाहून कोणी तरी मुलीच्या बापाला फोन करतो. तो फोन करणाराही 'समाजाचे भले' करत असतो. म्हणून मी म्हणतो, समलिंगी जोडप्यासमोर अधिकाऱ्याने आपली श्रद्धा मधे आणावी, हे आपण एकदा मान्य केले की तीच श्रद्धा उद्या आपल्या आंतरजातीय, आंतरधर्मीय जोडप्यांसमोर उभी राहणार आहे. दार एकच आहे. ते त्यांच्यासाठी बंद आणि आपल्यासाठी उघडे, असे कधी राहत नाही.

बाबासाहेबांचे उत्तर

४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा सभेपुढे मांडताना बाबासाहेबांनी संविधानिक नैतिकता हा शब्द वापरला. ही नैतिकता माणसात आपोआप उगवत नाही, ती मशागत करून रुजवावी लागते, आणि आपल्या लोकांना ती अजून शिकायची आहे, हा त्यांचा मुद्दा. पण हे ते कशासंदर्भात बोलत होते, ते आपण विसरतो. संविधानात प्रशासनाचे इतके बारीक तपशील कशाला घातले, या टीकेला ते उत्तर देत होते. संविधानाचा एक शब्दही न बदलता केवळ प्रशासनाचे रूप बदलून संविधान उलटे करता येते, हा धोका त्यांनी तिथे सांगितला. म्हणजे संविधानाला धोका फक्त संसदेतून नाही. तो तहसीलच्या खिडकीतूनही आहे. कलम १४ पुस्तकात जसेच्या तसे राहते आणि खिडकीतला माणूस म्हणतो, 'साहेब आज नाहीत, उद्या या.'

२०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ३७७ वर घाव घातला तो याच शब्दाच्या आधारे. सामाजिक नैतिकता आणि संविधानिक नैतिकता यांचा झगडा झाला तर न्यायालय दुसरीच्या बाजूने उभे राहील, असे सांगितले. ज्या हत्याराने लाखो समलिंगी भारतीय गुन्हेगारीच्या शिक्क्यातून सुटले, ते हत्यार आपल्या बापाने घडवलेले आहे. ते आपणच ओळखू नये?

आता अधिकाऱ्याच्या श्रद्धेचा या देशातला सगळ्यात मोठा दाखला पाहू. १९५१. कायदामंत्री आंबेडकर हिंदू कोड बिलासाठी झगडत होते. राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद सनातनी वृत्तीचे. त्यांचा या बिलाला मनापासून विरोध. सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी नेहरूंना कळवले की अशा बाबतीत आपण स्वतःच्या विवेकानुसार निर्णय घेऊ इच्छितो. नेहरूंनी ॲटर्नी जनरल सेटलवाड यांचे मत घेतले. उत्तर आले की राष्ट्रपतींना मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वागावे लागेल. पुढे १९५५ मध्ये हिंदू विवाह कायद्यावर त्याच राजेंद्र प्रसादांची सही झाली. देशाच्या पहिल्या नागरिकाची श्रद्धा जर त्याच्या सहीच्या आड येऊ शकत नाही, तर विवाह नोंदणी कार्यालयातल्या साहेबाची कशी येईल?

आणि दुसरी बाजू पाहा. त्याच महिन्यात, २७ सप्टेंबर १९५१ रोजी, बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. हिंदू कोड बिल ज्या रीतीने गुंडाळले गेले, ते त्यांच्या विवेकाला पटले नाही. विवेकाचा खरा मार्ग हा आहे. पद धरून ठेवून लोकांचे काम अडवणे याला विवेक म्हणत नाहीत. विवेकाला किंमत मोजावी लागते, आणि ती ज्याचा विवेक आहे त्याने स्वतः मोजावी, समोर अर्ज घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडून वसूल करू नये.

'पण मी नोकरीला लागलो तेव्हा हे नव्हते'

विरोधकांचा सगळ्यात दमदार मुद्दा हा आहे. तो टाळून चालणार नाही.

लंडनच्या इझलिंग्टन भागात लिलियन लाडेल नावाची बाई विवाह निबंधक म्हणून काम करत होती. ती नोकरीत असतानाच ब्रिटनमध्ये समलिंगी जोडप्यांच्या नोंदणीचा कायदा आला. ती श्रद्धाळू ख्रिश्चन. म्हणाली, हे काम मला माझ्या धर्मामुळे करता येणार नाही. कार्यालयाने तिच्यावर कारवाई केली. ती युरोपीय मानवाधिकार न्यायालयापर्यंत गेली आणि जानेवारी २०१३ मध्ये हरली. अमेरिकेत केंटकी राज्यातल्या किम डेव्हिस या काउंटी क्लर्कने २०१५ मध्ये देवाचा हवाला देऊन परवाने देणेच बंद केले. न्यायालयाचा हुकूम मोडल्याबद्दल पाच दिवस तुरुंगात राहिली.

दक्षिण आफ्रिकेने वेगळी वाट काढून पाहिली. २००६ च्या त्यांच्या कायद्यात विवाह अधिकाऱ्याला लेखी हरकत देऊन समलिंगी विवाहातून अंग काढून घेण्याची मुभा ठेवली. ऐकायला समंजस वाटते. कोणाचीही श्रद्धा दुखावली नाही, काम दुसरा करेल. प्रत्यक्षात जोडपे कार्यालयात जाई आणि तिथे करणारा दुसरा कोणी नसे. अखेर २०२० मध्ये ती मुभाच काढून टाकावी लागली. आता हाच प्रयोग झरी जामणीला किंवा महागावला मनातल्या मनात करून बघा. 'दुसरा अधिकारी करेल', पण दुसरा अधिकारी आहे कुठे? एका टेबलाचा अर्ज दुसऱ्या टेबलावर जायला जिथे चार खेपा लागतात आणि एका खेपेला दिवसाची मजुरी बुडते, तिथे अधिकाऱ्याची ही सवलत म्हणजे गरिबाला दिलेला नकारच आहे.

आणि नोकरीला लागल्यानंतर कायदा बदलला, यात नवल काय? २००५ मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती झाली आणि मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हिस्सा मिळाला. आपल्या गावच्या किती तलाठ्यांना ते पटले होते? 'पोरीचं लग्न लावून दिलं, आता वावरात कायचा हिस्सा? हक्कसोड करून द्यावं' हे मत त्यांचेही होते, आजही काहींचे असेल. मग त्यांनी फेरफार अडवावा का? सातबाऱ्यावर मुलीचे नाव चढवताना तलाठ्याला तिच्या हक्काबद्दल काय वाटते, हे कोणी विचारत नाही. विचारूही नये. या जिल्ह्यातल्या शेतकरी विधवांनी आत्महत्येच्या प्रकरणावर 'पात्र' आणि 'अपात्र' असे शेरे पडताना पाहिले आहेत. साहेबाच्या शेऱ्याने घर उभे राहते आणि मोडते, हे त्यांना माहीत आहे. म्हणून तो शेरा नियमातून यावा, मनातून नाही.

संविधानाच्या कलम २५ ने सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य प्रत्येकाला दिले आहे, अधिकाऱ्यालाही. पण ते कलम सुरू होतानाच सांगते की हे स्वातंत्र्य या भागातील इतर तरतुदींच्या अधीन आहे. त्या इतर तरतुदींत कलम १४ ची समानता आहे, १५ ची भेदभावबंदी आहे, २१ ची प्रतिष्ठा आहे. खुर्चीतला माणूस हा त्या क्षणी 'राज्य' असतो. राज्याला देव नसतो, जात नसते, आणि शयनगृहात डोकावण्याचा अधिकारही नसतो.

मग कार्यालयातल्या सत्यनारायणाचे काय?

इथे आपलेच कार्यकर्ते विचारतील, आणि बरोबर विचारतील. बावीस प्रतिज्ञा घेतलेला बौद्ध कर्मचारी कार्यालयातल्या पूजेला उभा राहायला नकार देतो. त्याला 'तुझी श्रद्धा घरी ठेव' म्हटले तर आपल्याला चालेल का? मग तोच न्याय समलिंगी जोडप्याला नकार देणाऱ्याला का लावायचा?

उत्तर सोपे आहे आणि ते पाठ करून ठेवावे. तीन प्रश्न विचारा. पहिला, हे काम कायद्याने माझ्यावर सोपवले आहे का? दुसरा, मी नाही म्हटले तर कोणा नागरिकाचा हक्क बुडतो का? तिसरा, माझ्या नकाराची झळ कोणाला बसते, मला की त्याला? सत्यनारायण हे कोणत्याही सरकारी पदाचे काम नाही. बौद्ध कर्मचारी उभा राहिला नाही म्हणून कोणाचे रेशन बंद होत नाही, कोणाचा दाखला अडत नाही. उलट सरकारी कार्यालयात पूजा घालणाराच आपली श्रद्धा खुर्चीत आणतो. १९८६ मध्ये केरळातल्या तीन मुलांनी धर्मामुळे राष्ट्रगीत म्हटले नाही, पण आदराने उभी राहिली. सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे संरक्षण केले, कारण त्यांच्या मौनाने कोणाचे काही हिरावले जात नव्हते. विवेकाचे स्वातंत्र्य ढाल म्हणून मिळते, तलवार म्हणून नाही.

आणि हा नियम दोन्ही बाजूंना लागतो, हेही मान्य करा. उद्या आपल्या विचाराचा एखादा अधिकारी म्हणाला की माझा विवेक सांगतो म्हणून मी समलिंगी विवाहाची नोंद करून टाकतो, तर तेही चालणार नाही. २००४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या महापौरांनी कायदा नसताना असे परवाने दिले. काही महिन्यांत न्यायालयाने ते सुमारे चार हजार विवाह रद्द ठरवले. लोकांच्या आयुष्याचा उत्सव झाला आणि हातात रद्दी राहिली. चांगल्या मनाचा अधिकारी हा चांगल्या कायद्याचा पर्याय नाही. आपल्याला मेहेरबानी नको, हक्क पाहिजे, हे आपण महाडपासून म्हणत आलो आहोत.

'हा आपला प्रश्न नाही' म्हणणाऱ्यांसाठी

कॅडर कॅम्पात हे वाक्य हमखास ऐकू येते. हा इंग्रजी बोलणाऱ्या सवर्णांचा प्रश्न, आपल्याला शिष्यवृत्ती आहे, ॲट्रॉसिटी आहे, जमीन आहे.

पहिली गोष्ट, आपल्या वस्तीत समलिंगी माणसे नाहीत, हा भ्रम आहे. ती आहेत, फक्त गप्प आहेत. त्यांच्याकडे अमेरिकेचा पासपोर्ट नाही आणि हॉटेलचा हॉलही नाही. यवतमाळच्या त्या लग्नाची बातमी झाली कारण एकाने तरी दूर जाऊन स्वतःचे आयुष्य उभे केले होते. उमरखेडच्या किंवा घाटंजीच्या बौद्धवाड्यातल्या मुलीची बातमी होत नाही. तिचे घाईघाईने लग्न लावून देतात. ती पळाली तर 'मिसिंग' दाखल होते, पोलीस तिला शोधून आणतात आणि सज्ञान असूनही बापाच्या हवाली करतात. मे २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयासमोर असेच पंचवीस वर्षांच्या मुलीचे प्रकरण आले. न्यायालयाने तिला तिच्या इच्छेने जोडीदारासोबत जाऊ दिले, पोलिसांना खडसावले आणि कुटुंब म्हणजे केवळ लग्नाने बनणारे कुटुंब नव्हे असे सांगितले. ठाणेदाराच्या श्रद्धेचा सामना आधी होतो तो हिच्यासारखीला.

दुसरी गोष्ट, आपली चळवळ या प्रश्नापासून कधी लांब नव्हती. १९३४ मध्ये र. धों. कर्व्यांवर 'समाजस्वास्थ्य' मासिकातल्या लैंगिक प्रश्नोत्तरांसाठी अश्लीलतेचा खटला चालला. सनातन्यांच्या विरोधात उभे राहून त्यांची वकिली केली बाबासाहेबांनी. वाचकांच्या त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांचाही विषय होता. लैंगिकतेविषयी कोणी शास्त्रीय माहिती दिली म्हणून ती अश्लील ठरत नाही, ही त्यांची बाजू. खटला हरले, पण उभे राहिले. आज दिशा पिंकी शेख वंचित बहुजन आघाडीच्या प्रवक्त्या झाल्या, शमिभा पाटील यांनी २०२४ मध्ये रावेरमधून विधानसभा लढवली. ही वाट आपलीच आहे.

तिसरी गोष्ट, बहुमताचा धाक. एप्रिल २०२३ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ठराव करून सांगितले की देशातले ९९.९ टक्क्यांहून अधिक लोक समलिंगी विवाहाच्या विरोधात आहेत. त्याच सुमारास केंद्राने राज्यांची मते मागवली, तेव्हा फुले-आंबेडकरांचे नाव उठता-बसता घेणाऱ्या महाराष्ट्राने होही म्हटले नाही आणि नाहीही. अधिक वेळ मागितला. १९२७ मध्ये चवदार तळ्यावर मोजणी केली असती तर किती टक्के आपल्या बाजूने निघाले असते? हक्क टक्केवारीने ठरत असते तर आपण आजही तळ्याच्या काठावर असतो.

राहिला धम्माचा मुद्दा. काही जण पंचशीलातले तिसरे शील पुढे करतात. ते शील कामवासनेतल्या दुराचाराविषयी आहे. ज्यात फसवणूक आहे, जबरदस्ती आहे, विश्वासघात आहे. दोन सज्ञान माणसे राजीखुशीने एकमेकांना जन्मभराची साथ देतात, यात दुराचार कोणता? आणि तुम्हाला तो दिसत असला तरी तो तुमच्या विहारातला विचार झाला. तो तुमच्या शिक्क्यावर उमटता कामा नये.

पूर्वग्रह असणाऱ्याने काय करावे

कोणी म्हणेल, मनाला पटत नाही तर काय करू? त्याला मद्रास उच्च न्यायालयाचे न्या. आनंद व्यंकटेश यांचे उदाहरण सांगावे. २०२१ मध्ये त्यांच्यासमोर दोन मुलींचे प्रकरण आले. त्यांनी खुल्या न्यायालयात मान्य केले की या विषयात आपल्याला पुरेशी समज नाही. स्वतः समुपदेशकाकडे बसले, या समाजातल्या लोकांशी बोलले आणि मग ७ जून २०२१ रोजी पोलिसांना छळ थांबवण्याचे आदेश दिले. न्यायाधीशाने शिकायला कमीपणा मानला नाही. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही देशभरच्या न्यायालयांना बजावले की अशा प्रकरणांत न्यायाधीशाने स्वतःची वैयक्तिक मते किंवा आईवडिलांविषयीची सहानुभूती मधे आणू नये. न्यायाधीशाला जे लागू, ते हवालदाराला का नाही?

यवतमाळ जिल्ह्यात आपण काय करायचे

नुसता लेख वाचून उपयोग नाही. कामे सांगतो.

एक, माहितीचा अधिकार वापरा. २०१८ च्या निकालात न्या. नरिमन यांनी सरकारी अधिकाऱ्यांना, विशेषतः पोलिसांना, या विषयाचे वेळोवेळी प्रशिक्षण द्यायला सांगितले होते. जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयाला विचारा, असे प्रशिक्षण किती वेळा झाले, कोणत्या तारखांना, किती जण हजर होते.

दोन, शक्ती वाहिनी खटल्यात २७ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आंतरजातीय व आंतरधर्मीय जोडप्यांच्या संरक्षणासाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष आणि चोवीस तासांची हेल्पलाइन उभारायला सांगितले. आपल्या जिल्ह्यातला कक्ष कुठे आहे, फोन कोण उचलतो, हे पाहा. आंतरजातीय जोडप्यासाठी जो कक्ष नीट चालेल, तोच उद्या समलिंगी जोडप्यालाही आसरा देऊ शकेल.

तीन, जिल्हा पुरवठा अधिकारी, अग्रणी बँक आणि जिल्हा शल्यचिकित्सक यांना लेखी निवेदन द्या की केंद्राच्या २०२४ च्या सूचना तालुक्यांपर्यंत पोचल्या का. पोच घ्या.

चार, कोणत्याही कार्यालयात तोंडी नकार स्वीकारू नका. महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा २०१५ प्रमाणे अधिसूचित सेवा नाकारली तर कारण लेखी द्यावे लागते आणि अपील करता येते. श्रद्धा कागदावर लिहिता येत नाही. 'कारण लेखी द्या' म्हटले की श्रद्धेची दातखिळी बसते.

पाच, आणि हे सगळ्यात महत्त्वाचे, अभ्यासिकांत हा विषय चर्चेला घ्या. राज्यघटनेची कलमे पाठ करणारा पोरगा मुलाखतीत संविधानिक नैतिकतेवर पाच मिनिटे बोलतो आणि पोस्टिंग मिळाल्यावर समोरच्या जोडप्याला 'घरी सांगितलं का?' विचारतो, तर त्याने पाठांतर केले, बाबासाहेब वाचले नाहीत.

विवाह कायदा बदलायचा तेव्हा संसद बदलेल, त्यासाठी लढू. पण खिडकीतले वागणे बदलायला संसदेची वाट पाहावी लागत नाही. पाटीवर नाव तुमचे असले तरी खुर्ची संविधानाची आहे. तिच्यात बसताना जात बाहेर ठेवायला आपण सवर्ण अधिकाऱ्याला सांगतो. मग आपली श्रद्धा आणि आपली किळसही आपण बाहेर ठेवली पाहिजे. समतेचा कायदा दुसऱ्याने पाळावा म्हणून आपण शंभर वर्षे भांडलो. तो आपल्या हाताने पाळून दाखवण्याची वेळ आता आपल्या पिढीवर आली आहे.

जय भीम. जय संविधान.